घरातला कुबट वास घालवायचाय? अगरबत्ती ठेवा बाजूला, आधी ओल शोधा

मध्यंतरी चिपळूणहून मावशी आली, दारात चपला काढल्या, आत आली आणि पाण्याचा ग्लास हातात घ्यायच्या आधीच म्हणाली, "काय गं, गाद्या भिजल्यात का कुठे?" मी म्हटलं नाही गं मावशी, कुठे काय. पण ती ऐकणाऱ्यातली नाही, सरळ आतल्या खोलीत गेली, दिवाणाची फळी उचलली, वरची गोधडी काढून नाकाला लावली आणि काही न बोलता माझ्याकडे दिली. खरं सांगते, तोपर्यंत मला काहीच वास येत नव्हता, आणि ती गोधडी नाकाशी धरल्यावर मात्र अक्षरशः लाज वाटली, कारण त्याच दिवाणातल्या चादरी मी आठवडाभर पाहुण्यांना देत होते.

आमचं घर नौपाड्यात, तळमजला, बिल्डिंग ४५ वर्षं जुनी, रिडेव्हलपमेंटला जाणार जाणार म्हणून ७ वर्षं नुसत्या मीटिंगा चालल्यात त्यामुळे बाहेरच्या भिंतीच्या क्रॅकवर कोणी एक रुपया लावायला तयार नाही. ठाण्यात अशा बिल्डिंगा किती आहेत ते मी सांगायला नको. मग आपल्या हातात काय उरतं तर घरातल्या घरात जे करता येईल ते, आणि मावशी होती ते ८ दिवस आम्ही दोघींनी तेच केलं. त्यातलं काय कामाचं निघालं आणि काय फुकट गेलं ते सगळं लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, नाक काही मिनिटांतच सरावतं. त्यामुळे घरात बसून हुंगत फिरण्यात अर्थ नाही. सगळ्या खिडक्या बंद करा, घराला कुलूप लावा, तासभर बाहेर जा (आम्ही तलावपाळीला दोन चकरा मारल्या आणि भेळ खाल्ली, तो भाग ऐच्छिक), परत आल्यावर दार उघडून उंबऱ्यातच थांबा आणि पहिले दोन-तीन श्वास नीट घ्या. काय येतं ते तेव्हाच कळतं. मग लगेच एकेका खोलीत जाऊन कपाटं उघडा आणि डोकं आत घाला, अगदी खालच्या कप्प्यापर्यंत. ५ मिनिटांत उरका, नंतर नाक पुन्हा सुस्तावतं.

आमच्याकडे चार जागा सापडल्या. दिवाण तर होताच. दुसरी, पश्चिमेच्या भिंतीला चिकटून उभ्या लाकडी कपाटाचा खालचा कप्पा, पावसाचा मारा सगळा त्याच भिंतीवर असतो आणि २६ जुलै २००५ ला घरात गुडघाभर पाणी आलं तेव्हापासून त्या कपाटाची खालची प्लाय फुगलेलीच आहे. तिसरी, सिंकखाली पाइपवर वाळत टाकलेलं फरशी पुसायचं फडकं, ते ना कधी वाळतं ना कोणी उचलतं. आणि चौथी मला माहीतच नव्हती, फ्रीजच्या मागे खाली एक छोटा ट्रे असतो, डीफ्रॉस्टचं पाणी त्यात जमतं. तो ट्रे आम्ही ९ वर्षांत पहिल्यांदा बघितला. आत काय होतं ते लिहीत नाही, जेवून वाचत असाल.

कुबट वास म्हणजे नक्की काय तर ओल धरलेल्या ठिकाणी बुरशी आणि बॅक्टेरिया वाढतात आणि ते हवेत जी रसायनं सोडतात त्यांचा तो वास. गंमत म्हणजे त्यातलं एक आहे जिओस्मिन, पहिल्या पावसानंतर मातीचा वास येतो आणि आपण खिडकीत उभं राहून आहाहा करतो ना, तो त्याचाच. मातीत आवडतो, गोधडीत नाही. बुरशीला मुख्य लागते ती ओल, आणि जुलै-ऑगस्टमधे आपल्याकडे हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वरच असते, एखादी वस्तू भिजून नीट वाळली नाही तर एक-दोन दिवसांत बुरशी धरायला सुरुवात होते. म्हणून अगरबत्ती, रूम फ्रेशनर, उद-लोबान यांनी काही होत नाही, कुबट अधिक मोगरा असा एक तिसराच वास तयार होतो आणि तो जास्त वाईट असतो. ओल गेली की वास जातो, नाहीतर कितीही कापूर जाळा.

आता ओल भिंतीतून येतेय की खोलीतल्या हवेतून, हे आधी कळायला हवं कारण दोन्हीचे उपाय वेगळे. यासाठी दुधाची रिकामी पिशवी कापून धुऊन कोरडी करा, भिंतीच्या संशयित जागेवर सपाट लावून चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवस हात लावू नका. नंतर काढलीत की बघा, भिंतीकडच्या बाजूला दव जमलंय तर पाणी भिंतीतूनच येतंय, खोलीकडच्या बाजूला जमलंय तर घरातलीच वाफ थंड भिंतीवर बसतेय. आमच्याकडे पहिल्यांदा पट्टी पोपड्यासकट खाली आली, मग ती जागा खरवडून पुन्हा लावली. निकाल, भिंतीकडची बाजू चिंब.

भिंतीवर पांढरं काही दिसलं की लगेच बुरशी समजू नका. थोडं पाणी मारा, विरघळून गायब झालं तर तो लोणा, म्हणजे भिंतीतलं पाणी बाहेर येताना विटा-सिमेंटमधले क्षार घेऊन आलंय. लोण्यावर कुठलाही घरगुती उपाय नाही हो, व्हिनेगर नाही लिंबू नाही, कोणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. बाहेरची क्रॅक नाहीतर गळका पाइप बंद होईपर्यंत कोरड्या ब्रशने झाडत राहायचं आणि त्या भिंतीला ऑइल पेंट नाहीतर वॉलपेपर लावून ती झाकायची नाही एवढंच आपण करू शकतो, नाहीतर पाणी आत कोंडतं आणि भलतीकडून बाहेर येतं. पाणी मारूनही डाग तसाच राहिला आणि काळा, हिरवा किंवा कापसासारखा आहे, तर मग ती बुरशी.

बुरशी काढायला आम्ही वापरलं पांढरं व्हिनेगर, किराणा दुकानात ५०-६० रुपयांना बाटली मिळते तेच. पाणी न घालता स्प्रेच्या बाटलीत भरायचं, डागावर मारायचं, तासभर तसंच ठेवायचं, मग ओल्या फडक्याने पुसून फडकं सरळ टाकून द्यायचं आणि टेबल फॅन त्या जागेकडे तोंड करून ४-५ तास चालू. हा फॅनचा भाग कोणी करत नाही आणि म्हणून आठवड्यात डाग परत येतो. कोरडी बुरशी कधीही ब्रशने घासू नका, ती उडते आणि नाकात जाते, आधी ओली करा, मास्क लावा, आतल्या खोलीचं दार बंद ठेवा, घरात दम्याचं कोणी असेल तर त्यांना त्या दिवशी शेजारी नाहीतर बहिणीकडे पाठवा. भिंतीला डिस्टेंपर असेल तर कोपऱ्यात थोडंसं मारून बघा, ओलं झालं की रंग हातात येतो. आणि डाग हातभर लांबरुंद किंवा त्याहून मोठा असेल तर स्वतः भिडू नका, माणूस बोलवा.

व्हिनेगर कुठे मारायचं नाही ते नीट वाचा. कडप्पा, शहाबादी, मार्बल या सगळ्यात चुन्याचा अंश असतो, आम्लाने पॉलिश जातं आणि पांढरट चट्टे राहतात ते कायमचे. मी ओट्याखालच्या कडप्प्यावर उत्साहात मारलं, आता तिथे पिठाचा डबा ठेवलाय. तिथे नुसतं साबणाचं पाणी आणि नंतर कोरडं फडकं, बस. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममधे ते जिवावर बेतू शकतं, ब्लीच आणि टॉयलेट क्लीनरचंही तेच. आणि तो सोडा अधिक व्हिनेगर मिसळून फेस काढायचा प्रकार, दिसायला मस्त दिसतो पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि मागे उरतं जवळपास खारट पाणी. वापरायचं तर दोन्ही वेगवेगळं वापरा.

कपाटाचं आता. सगळं बाहेर काढा, सगळं म्हणजे सगळं, खालचा पेपरसुद्धा. तो जुना वर्तमानपत्राचा थर आमच्याकडे भिजून प्लायला चिकटला होता, त्यावरची तारीख २०१६ ची. व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं घेऊन त्यात फडकं बुडवून घट्ट पिळून आतून पुसा, लाकूड भिजवायचं नाहीये. मग दारं सताड उघडी ठेवून दिवसभर फॅन, आणि रात्री हात फिरवून थोडंही गार लागलं तर दुसऱ्या दिवशी परत. कपाट भिंतीपासून निदान ४ बोटं पुढे ओढा म्हणजे मागे हवा खेळेल. आम्हाला चौघं लागलो, शेजारच्या दादांना हाक मारावी लागली आणि मागे माझ्या लेकीचं तिसरीतलं हरवलेलं प्रगतिपुस्तक सापडलं. ती आता इंजिनिअरिंगला आहे.

कपाटात काय ठेवायचं यावर मावशीचं आणि माझं जरा वाजलंच. तिचं म्हणणं कडुनिंबाचा पाला, मी कोळसा आणि मीठ. शेवटी दोघींचं ठेवलं, कारण नंतर लक्षात आलं की दोन्हीची कामं वेगळी आहेत.

मीठ ओल ओढतं. पण साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर असेल तरच पाणी धरतं, म्हणून आपल्या जुलैत ते चालतं आणि डिसेंबरमधे नुसतं शोभेला. मी स्टीलच्या नाही, चिनी मातीच्या वाडग्यात (स्टीलला मीठ खातं) २०० ग्रॅम खडे मीठ ठेवलं आणि ८ दिवसांनी किचनच्या काट्यावर ठेवलं तर २४० झालं होतं, खडे अर्धवट पाण्यात, म्हणजे ४० ग्रॅम पाणी त्या एका कप्प्यातून. खोलीला याने काडीचा फरक पडत नाही, पण बंद कपाटाला पडतो. ओलं झालेलं मीठ कढईत परतून कोरडं करा आणि परत वापरा. याहून जोरदार हवं असेल तर कॅल्शियम क्लोराईडचे डबे मिळतात, ते कितीतरी जास्त पाणी ओढतात पण खाली जमलेलं पाणी कपड्यांवर किंवा चामड्याच्या पर्सवर सांडलं की वाट लागते, त्यामुळे सरळ उभे ठेवा आणि मुलांच्या हाताला लागू देऊ नका. आजीच्या काळात कळीचा चुना ठेवायचे म्हणे. नका ठेवू, त्याला पाणी लागलं की तो तापतो आणि डोळ्यात गेला तर संपलंच.

कोळसा वास धरतो. इस्त्रीवाल्याकडून मूठभर लाकडी कोळसा मागा, बहुतेक पैसे घेत नाहीत, जुन्या सुती पंच्यात सैल पुरचुंडी बांधून ठेवा म्हणजे काळं लागणार नाही. दुकानात ॲक्टिव्हेटेड चारकोल म्हणून मिळतो तो जास्त काम करतो हे खरंय पण चपलांच्या कपाटाला कशाला. महिन्यातून एकदा उन्हात टाकायचा, ऊन नसेल तर सरळ बदलायचा.

कडुनिंब, वेखंड, लवंग, कापूर यांचं काम कीड लांब ठेवणं आणि थोडा चांगला वास देणं, ओल यांनी जात नाही. पाला सावलीत पूर्ण कडकडीत वाळवून मगच ठेवा, पावसाळ्यात दमट पाला ठेवला तर त्यालाच बुरशी येते आणि आपण पैसे न देता वास विकत घेतला असं होतं. संत्र्याच्या साली, लिंबाच्या फोडी यांचंही तसंच, व्हिडिओत छान दिसतात. मला सगळ्यात आवडला तो वाळा, जांभळी नाक्याला काष्ठौषधीच्या दुकानात मुळ्यांची जुडी मिळते, साड्यांच्या घड्यांमधे ठेवली की महिनोन् महिने मंद वास राहतो आणि डाग पडत नाही. कापूर पातळ कागदात गुंडाळून वरच्या कप्प्यात, लहान मुलाने गिळला तर फिट येऊ शकते म्हणून वरच्याच. आणि डांबरगोळ्या, ज्या आपण सगळ्यांनी लहानपणी हुंगल्यात, त्या तान्ह्या बाळाच्या झबली-दुपट्यांत अजिबात ठेवू नका, जी-सिक्स-पी-डी नावाच्या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांना त्यातल्या नॅफ्थलीनमुळे रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते, आणि ती कमतरता असते हे बरेचदा आईबापांना माहीतही नसतं.

गाद्या आणि गोधड्यांना ऊनच पाहिजे, दुसरं काही नाही. पण श्रावणात ऊन येतं १० मिनिटं आणि आपण गादी गच्चीत नेईपर्यंत सर येते, हा खेळ आम्ही दोनदा खेळलो. मग मधला मार्ग असा की पाऊस थांबलेल्या दिवशी गादी भिंतीला उभी टेकवायची, दोन्ही बाजूंना फॅन ४-५ तास, मग आडवी करून चहाच्या गाळणीने खायचा सोडा भुरभुरवायचा, डबल बेडला पावशेर पुरतो, ३-४ तासांनी व्हॅक्यूमने ओढायचा. व्हॅक्यूम नसेल तर ब्रशने नीट झाडा. ओल्या गादीवर सोडा टाकू नका, गोळे होतात आणि शिवणीत अडकतात, माझ्या गादीच्या शिवणीत अजून आहेत. कापसाच्या गादीला आतून बुरशी लागली असेल तर पिंजून घ्या नाहीतर सोडून द्या, वरवरचं काही चालत नाही. एसी असेल तर त्याचा ड्राय मोड पावसाळ्यात रोज तासभर लावा, कपडे त्याच खोलीत स्टँडवर टाका, दोन्ही कामं होतात.

टॉवेलचा वास वेगळा असतो बरं का, आंबूस, धुतल्यावर जातो आणि अंग पुसलं की परत येतो. मोरॅक्सेला नावाचे बॅक्टेरिया कपड्यात टिकून राहतात त्यांचा तो उद्योग, गार पाण्यात धुऊन ते मरत नाहीत. मशीनला ६० डिग्रीवर लावा नाहीतर बादलीत कडकडीत पाणी आणि मूठभर धुण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखे धुवा. साबण जास्त घातला की जास्त स्वच्छ होतं हा गैरसमज आहे, साबणाचा थर कपड्यात आणि मशीनमधे राहतो आणि वासाला खाद्य मिळतं. फ्रंट लोड मशीनच्या दारातलं रबर बोटाने उघडून बघा एकदा. धुणं झालं की दार उघडंच ठेवायचं.

बाथरूममधून येणारा वास कुबट नाही, गटारासारखा असेल तर बुरशीच्या मागे लागू नका. न वापरलेल्या बाथरूमच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं (वास अडवायला पाणी धरून ठेवणारा भाग) पाणी सुकतं आणि खालच्या लाइनचा वास सरळ वर येतो, एक बादली पाणी ओता, झालं. गणपतीला गावाला जाताना प्रत्येक जाळीत मगभर पाणी आणि वर चमचाभर खोबरेल तेल सोडून जा, तेलाच्या थरामुळे पाणी लवकर उडत नाही. हे मला आमच्या प्लंबरने सांगितलं, त्याने अर्धा तास सगळं उघडून बघितल्यावर.

खिडक्यांबद्दल एवढंच, जोराचा पाऊस चालू असताना हवा खेळावी म्हणून सताड उघड्या ठेवायच्या नाहीत, बाहेरची ओल आत येते. उघडीप झाली की समोरासमोरच्या उघडायच्या, अर्धा तास पुरतो. स्वयंपाक करताना आणि अंघोळीनंतर एक्झॉस्ट मात्र हवाच, वाफ आपणच तयार करतो. ३००-४०० रुपयांत आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ मिळतं, मी घेतलंय, ६० च्या खाली आलं की बुरशीला अवघड जातं. आमच्याकडे परवा ७८ होतं, एसी ड्राय मोडवर तासाभरात ६१ झालं, तेव्हा घरात टाळ्या पडल्या.

एवढं सगळं केल्यावर तो दिवाण बराच ताळ्यावर आलाय, पश्चिमेची भिंत तशीच आहे. मावशी जाताना गोधड्या बरोबर घेऊन गेली, म्हणाली ऑक्टोबरमधे अंगणात दोन दिवस टाकते आणि पाठवते, तुमच्या गच्चीचा भरवसा नाही. तेही खरंच आहे, आमच्या गच्चीची चावी सेक्रेटरीकडे असते आणि ऑक्टोबरच्या रविवारी सकाळी ९ च्या आत मागितली नाही तर सगळ्या दोऱ्या तिसऱ्या मजल्याच्या गाद्यांनी भरलेल्या असतात.